धगीत उघडणारा दगड

पिट्सबर्गजवळच्या, पोलादासाठी कोळसा भाजणाऱ्या कोकभट्टीने स्टीफन हालुस्काची छाती खाल्ली होती. आता नाकात नळी आणि मागे चाकांवरचं प्राणवायूचं नळकांडं, अशी त्याची वरात निघायची. त्याची मुलगी मार्लीन प्रयोगशाळेत हायड्रोजनपासून वीज देणारे इंधनघट बनवायची. आत तापलेली भट्टी आणि हायड्रोजन, त्यामुळे प्राणवायूच्या नळकांड्याला सक्त मनाई. म्हातारा हट्टाला पेटला. नळकांडं दाराबाहेर ठेवलं, नळी काढली आणि आत शिरला.

"बाबा, काचेतूनही सगळं दिसतं!"

"चर्चला आलेला माणूस खिडकीतून डोकावतो का गं?"

मार्लीनने चडफडत स्टूल पुढे केलं. हातात अशाच घटाची तडकलेली एक चकती दिली. एक बाजू हिरवी, निकेलची. दुसरी काळी, मँगनीजची. मधे झिरकोनिया या दगडासारख्या पदार्थाचा कागदाइतका पातळ पांढरा थर. आधीच्या साऱ्या चकत्या तापताना अशाच तडकल्या होत्या. भट्टीत होती ती शेवटची, आणि इथवर पुन्हा येण्याइतकं बळ म्हाताऱ्यात उरलं नव्हतं.

हायड्रोजन सोडला. वीज मोजणारा काटा हलेना. स्टीफनचे खांदे वरखाली होऊ लागले, ओठ निळसर पडले.

"पुरे झालं, चला बाहेर!"

"हललो तर बघ."

तेवढ्यात काटा थरथरला, चढला, आणि टेबलावरचा इवलासा दिवा लागला. मार्लीनने त्याला जवळजवळ उचलूनच बाहेर आणलं आणि नळी नाकात बसवली. तिला हसू आणि रडू एकदमच येत होतं.

दम परतताच त्याने विचारलं, "त्या पांढऱ्या थराला भोकं असतात?"

"एकसुद्धा चालत नाही."

"मग हवेतला प्राणवायू त्यातून पलीकडे जातो कसा?"

"त्या दगडातूनच. झिरकोनियात यिट्रियम नावाचा धातू जरासा मिसळला, की आत प्राणवायूच्या काही जागा रिकाम्या राहतात. एकीतून दुसरीत उडी मारत तो पलीकडे जातो. तिथे हायड्रोजनला भेटतो, पाणी होतं, वीज मिळते."

"गार असताना?"

"गार असताना गच्च बंद. आठशे अंशांची धग लागली की वाट मोकळी."

स्टीफन काचेपलीकडच्या दिव्याकडे बघत राहिला. इतका थक्क झालेला बाप मार्लीनने कधी पाहिला नव्हता.

"ज्या धगीत माझी छाती मिटली," तो हळूच म्हणाला, "त्याच धगीत ही चकती उघडते होय!"

परत आत जायला त्याने पुन्हा नळी काढली. या खेपेला मार्लीनने अडवलं नाही, फक्त आपला हात पुढे केला.