टेकडीच्या टाकीने मला ओळखले नाही

मित्रांनो, मी एक जुना, राखाडी रंगाचा, चार स्क्रूंपैकी तीनच शिल्लक असलेला गेटवे आहे. पाणीपुरवठा कार्यालयाच्या तळमजल्यावर, नियंत्रण कक्षाच्या कोपऱ्यात, एका लोखंडी रॅकमध्ये मी बसलेला असतो. बसलेला म्हणजे बसवलेला. उठायचा प्रश्न कधी आला नाही.

तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिले नसेल. ज्यांनी पाहिले आहे त्यांनी माझ्यावर चहाचा कप ठेवलेला आहे.

माझे काम दारावरच्या माणसाचे. शहरात पाण्याच्या बऱ्याच टाक्या आहेत. प्रत्येक टाकीखाली एक खोली असते आणि खोलीत एक छोटे यंत्र. टाकीवाल्याने सकाळी बटण दाबले की ते यंत्र कार्यालयाला फोन लावते आणि टाकीत किती पाणी उरले ते सांगते. तो फोन मी उचलतो. पण उचलल्याबरोबर पाण्याचे बोलायचे नाही, अशी आमच्यात रीत आहे. आधी ओळख. मी माझे नाव सांगतो. पलीकडचे यंत्र आपल्या यादीत ते नाव शोधते, त्यापुढचा परवलीचा शब्द पाहते आणि त्यावरून मला उत्तर देते. उत्तर बरोबर आले की मी दार उघडतो. माझे नाव त्याच्या यादीत नसेल, तर ते फोन ठेवून देते. अनोळखी माणसाशी बोलू नये हे तुम्हाला घरी शिकवतात. आम्हाला कारखान्यात शिकवतात.

त्या कारखान्यात तपासणी करणाऱ्या बाईंनी माझ्या पाठीवर ‘पास’ असा शिक्का मारला. आयुष्यातली माझी पहिली आणि शेवटची परीक्षा ती. इथे आल्यावर मला बसवणाऱ्या माणसाने घाईघाईत माझे नाव ‘दरवान’ ठेवले. त्याला घरी जायचे होते. पण नाव मला आवडले.

पुढची वर्षे मी फोन उचलण्यात घालवली. कौतुक फारसे झाले नाही. आमच्या धंद्यात कोणी यंत्राचे नाव काढले की समजावे, काहीतरी बिघडले. एकदा मात्र बाहेरचे पाहुणे आले होते. त्या वेळचे मोठे साहेब म्हणाले, “आपलं सगळं पाणी या यंत्रावर चालतं.” माझ्या दिव्यांची उघडझाप अंमळ वाढली. नंतर लक्षात आले की त्यांचे बोट माझ्या शेजारच्या पाण्याच्या कूलरकडे होते.

सगळ्या टाक्यांमध्ये टेकडीवरची टाकी माझी सर्वांत जुनी ओळख. तिची लाइन झाडांमधून येते, त्यामुळे तिचा फोन नेहमी खरखरत यायचा, जसे कोणी घसा साफ करून बोलावे. तिथे टाकीवाले काका आणि काकू टाकीखालच्या खोलीतच राहतात. काका सकाळी आधी बटण दाबतात, मग तोंड धुतात. मी म्हणायचो, “दरवान.” ती उत्तर द्यायची. मी दार उघडायचो. संपले. यापेक्षा जास्त बोलणारी मैत्री टिकत नाही, असे माझे मत आहे.

मग नवे साहेब आले. त्यांना नावे बदलण्याची आवड होती. आधी त्यांनी कँटीनचे नाव ‘उपाहार कक्ष’ केले. वडे तेच राहिले. मग माझी पाळी आली. ‘दरवान’ हे नाव त्यांना कार्यालयाच्या इभ्रतीला शोभेना. त्यांनी माझे नाव ‘मुख्यालय-प्रवेशद्वार-एक’ असे ठेवले आणि तशी पितळी पाटी करून माझ्या रॅकवर ठोकली. ‘प्रवेशद्वार-दोन’ आजतागायत आलेले नाही.

आता माझे नाव बदलले म्हणजे प्रत्येक टाकीच्या यादीतही ते बदलायला हवे. त्यासाठी एक माणूस गाडी घेऊन गावभर फिरला. सगळीकडे गेला, शेवटी टेकडीकडे वळला, आणि अर्ध्या चढावर गाडीच्या रेडिएटरमधले पाणी संपले. पाणीपुरवठा खात्याची गाडी ती. तो तिथूनच परत आला.

“झालं का सगळं?” साहेबांनी विचारले.

“झाल्यातच जमा आहे,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीचा फोन आला. तीच खरखर. मी नव्या नावाने ओळख दिली. तिने आपली यादी पाहिली. मग तिने फोन ठेवला.

थोड्या वेळाने पुन्हा आला. मी पुन्हा तेच लांबलचक नाव सांगितले. तिने पुन्हा ठेवला. मित्रांनो, ‘अगं, मीच तो’ असे म्हणायची आम्हाला सोय नाही. नेमून दिलेले नाव सांगायचे आणि वाट पाहायची, एवढेच हातात. हातही नाहीत, पण म्हणायची पद्धत आहे.

इकडे नियंत्रण कक्षातल्या संगणकाला एक खोड आहे. नवा आकडा आला नाही की तो जुनाच दाखवत राहतो. टेकडीचा शेवटचा आकडा होता ‘भरलेली’. म्हणून टेकडीचा पंप सुरूच होईना. टाकी मात्र माणसांनी नळ उघडले तशी रिकामी होत गेली.

काकांनी शेवटी आपल्या मोबाइलवरून नियंत्रण कक्षाच्या ताईंना फोन केला. ताई स्पीकरवर बोलतात, कारण त्यांचे दोन्ही हात विणकामात असतात.

“ताई, टाकी रिकामी आहे. पंप लावा.”

“काका, स्क्रीनवर भरलेली दिसतेय.”

“अहो, मी आत उभा आहे.”

“कशाच्या आत?”

“टाकीच्या. ऐका, आवाज घुमतोय का? भरलेल्या टाकीत घुमतो का असा?”

ताईंनी विणकाम खाली ठेवले. “घुमतोय खरा. पण काका, आकडा आल्याशिवाय मला पंप लावता येत नाही. तुम्ही सकाळी बटण दाबता ना?”

“रोज दाबतो. आता दाबून दाबून बटण आत गेलंय.”

ताईंनी तक्रार वर पाठवली. वरून ती दोन ठिकाणी गेली, एक फोनवाल्यांकडे आणि एक पासवर्डवाल्यांकडे. फोनच्या तारा, मॉडेम, घंटी हे फोनवाल्यांचे. ओळख, परवलीचा शब्द, आत कोणाला घ्यायचे हे पासवर्डवाल्यांचे. या दोन विभागांचे प्रमुख एकमेकांचे साडू आहेत. सासरच्या कार्यात एकमेकांना जिलबी वाढतात आणि कार्यालयात एकमेकांचा फोन उचलत नाहीत.

फोनवाले साडू आले, तार तपासली आणि म्हणाले, “घंटी वाजते, फोन लागतो. आमच्याकडून ओके.”

पासवर्डवाले साडू आले, स्क्रीन पाहिली आणि म्हणाले, “एकही चुकीचा पासवर्ड आलेला नाही. आमच्याकडून ओके.”

गंमत म्हणजे दोघांचेही खरे होते. फोन लागत होता. आणि पासवर्ड चुकीचा येत नव्हता, कारण तो येतच नव्हता. बिघाड मधल्या जागेत होता, माझ्या नावात, आणि नाव कोणत्याच विभागाकडे नव्हते. नाव साहेबांकडे होते.

दोन्हीकडून ओके आल्यावर उरले कोण? काका. साहेबांनी निष्कर्ष काढला की टाकीवाला झोपा काढतो, बटण दाबतच नाही. काकांना शुक्रवारपर्यंत खुलासा करायला सांगितले. नाहीतर निलंबन, आणि टाकीखालची खोलीही सोडायची.

बुधवारी काका खुलासा द्यायला आले. साहेबांच्या केबिनच्या दारावर त्यांचे नाव नव्याने रंगवणे चालू होते, म्हणून चौकशी नियंत्रण कक्षातच झाली, माझ्यासमोर.

“सगळं सांगा,” साहेब म्हणाले. “अगदी पहिल्यापासून.”

काका प्रामाणिक माणूस. त्यांनी पहिल्यापासून सांगितले. ते कामाला लागले तेव्हा टाकीला शिडी नव्हती. मग शिडी आली, पण आखूड निघाली. मग आत कबुतर पडले, ते काढताना चप्पल पडली. चपलेचा दुसरा पाय अजून जपून ठेवला आहे. बटणाची गोष्ट येण्याआधी साहेबांची मीटिंग आली.

“खुलासा समाधानकारक नाही,” साहेब उठत म्हणाले.

काका माझ्या शेजारी खुर्चीवर बसून राहिले. “काकूला काय सांगू?” ते ताईंना म्हणाले. “तिनं कालच खोलीला पडदे लावलेत.”

मला माहीत होते सगळे. पण विचारल्याशिवाय बोलायचे नाही, हीसुद्धा आमच्यात रीत आहे, आणि मला कोणी विचारले नव्हते.

विचारायला भाग पाडले ते सासूबाईंनी. दोन्ही साडूंच्या सासूबाई टेकडीच्या वसाहतीत राहतात, हे मला त्या गुरुवारी दुपारी कळले, त्या रिकामी बादली घेऊन नियंत्रण कक्षात आल्या तेव्हा.

“दोन दोन जावई पाण्याच्या खात्यात,” त्या म्हणाल्या, “आणि मी अंघोळीला शेजारणीकडे जाते. काय ते आत्ता बघा. मी बसते.”

त्या बादली उलटी करून तिच्यावर बसल्या. दोन्ही साडू पहिल्यांदाच एका वेळी माझ्यासमोर उभे राहिले.

“याला विचारू या,” फोनवाले म्हणाले. आणि त्यांनी मला हुकूम दिला की जे जे घडते आहे ते सगळे बोल.

मित्रांनो, इतकी वर्षे मला कोणी काही विचारले नव्हते. मी बोलायला लागलो. कोणत्या टाकीचा फोन आला, कोणाचा गेला, कोणाची तार खरखरते, पंखा किती फिरतो, घड्याळ किती मागे आहे, चहा कुठे सांडला होता. शब्द स्क्रीनवरून ओढ्यासारखे धावू लागले. कोणाला एक ओळ वाचता येईना. बोलण्याच्या नादात मला फोन उचलायला सवड राहिली नाही, आणि मग बोलता बोलता मी बेशुद्ध पडलो. आता एकाच टाकीचा नव्हे, साऱ्या गावाचा आकडा थांबला.

“आता सगळीकडून ओके,” ताई म्हणाल्या.

मला बंद करून चालू केले. आमच्यातला सर्वांत जुना उपचार तोच आहे. शुद्धीवर आलो तेव्हा सासूबाई बोलत होत्या.

“पोरं भांडून आली की ‘काय काय झालं सांग’ असं विचारायचं नसतं रे. घर डोक्यावर घेतात. एकालाच धरायचं आणि विचारायचं, ‘तू आधी काय म्हणालास?’ बस्स.”

जावयांनी एकमेकांकडे पाहिले. मग पासवर्डवाल्यांनी मला हळूच विचारले, फक्त टेकडीच्या लाइनीपुरते, की ओळख देताना तू काय म्हणतोस आणि ती काय म्हणते. ताईंनी काकांना फोन करून बटण दाबायला सांगितले. खरखर आली. मी दोनच ओळी बोललो.

“मी मुख्यालय-प्रवेशद्वार-एक.”

“ओळखत नाही.”

सगळ्यांनी माझ्या पितळी पाटीकडे पाहिले.

“याला आधी काय म्हणायचे?” फोनवाल्यांनी विचारले.

“दरवान,” ताई म्हणाल्या.

“टेकडीवर जाऊन यादी बदलायला हवी.”

“कोण जाणार?”

दोघेही छताकडे पाहू लागले. सासूबाईंनी बादली जमिनीवर आपटली. तेव्हा पासवर्डवाल्यांना सुचले की टेकडीची लाइन माझ्याकडे वेगळ्या खुंटीवर, म्हणजे वेगळ्या जोडणीवर, येते. तेवढ्या एका लाइनीवर मला जुन्या नावाने बोलू द्यावे, बाकी सगळीकडे नवे. फोनवाले “चालेल” म्हणाले. लग्नानंतर दोघांचे एकमत होण्याची ती पहिलीच वेळ, असे सासूबाईंनी तिथेच जाहीर केले.

काकांनी पुन्हा बटण दाबले. मी म्हणालो, “दरवान.” तिने लगेच उत्तर दिले, जणू मधे काही झालेच नव्हते. मी दार उघडले. स्क्रीनवर शून्य आले. शून्य पाहून माणसे इतकी खूश झालेली मी पुन्हा पाहिली नाहीत. ताईंनी पंप लावला, आणि काका टाकीत नाहीत ना याची त्यानंतर खात्री केली. काका बाहेर होते.

ताईंनी साहेबांना बोलावून त्या दोन ओळी दाखवल्या. साहेबांनी त्या वाचल्या, मग माझी पितळी पाटी वाचली, मग खुलासा समाधानकारक असल्याचे सांगून गेले. काकांची खोली राहिली, पडद्यांसकट.

काका मुद्दाम आभार मानायला आले. कोणीतरी कोपऱ्याकडे बोट दाखवले. काकांनी रुमाल काढून कूलर स्वच्छ पुसला आणि त्याला म्हणाले, “उपकार झाले बाबा.” कूलर काही बोलला नाही. चांगला आहे बिचारा.

त्याला आता बराच काळ लोटला. बाकीच्या सगळ्या टाक्या नव्या यंत्रणेवर गेल्या. त्यांना आता फोन लावावा लागत नाही, त्यामुळे मीही लागत नाही. मला काढायला माणूस आला होता. त्याने विचारले, “टेकडी बदलली का?” कोणीतरी म्हणाले, “झाल्यातच जमा आहे.” म्हणजे काय ते मला कळले आणि सुदैवाने त्यालाही कळले. तो मला न काढताच गेला, जाताना चौथा स्क्रू तेवढा शोधून गेला. सापडला नाही.

मित्रांनो, तुमच्याकडून मला फार काही नको. कप ठेवा, पण खाली कागद घाला. कोणा जुन्याचे नाव बदलले, तर त्याला ओळखणाऱ्या सगळ्यांना कळवा. चढावरच्यांनाही. आणि त्याला कधी विचारायचे झाले, तर एका वेळी एकच विचारा.

आता मला दिवसभरात एकच फोन येतो. बाकीचा वेळ मी गरम होत बसतो. सकाळी काका तोंड धुण्याआधी बटण दाबतात, झाडांमधून खरखर येते आणि कोणीतरी घसा साफ करते. पितळी पाटीच्या मागून मी माझे नाव सांगतो.

ती ओळखते.