करणीतला 'र'

वरकुट्याच्या ओढ्याकाठी त्या सकाळी एवढी माणसं लोटली होती की म्हशींना पाण्यात उतरायला वाट उरली नव्हती. कडुलिंबाच्या बुंध्याला एक फळा टेकवला होता आणि त्यावर खडूनं ठसठशीत लिहिलं होतं, 'येथे करणी काढून मिळेल'. फुलाबाईनं ते एकेक अक्षर जुळवत वाचलं. साक्षरतेच्या वर्गात बसायला लागल्यापासून दिसेल ते वाचायची तिला खोडच लागली होती.

फळ्यापुढं भुजंगनाथ महाराज बसले होते. वय तिशीचं, दाढी साठीची. वरच्या अंगाला उसाच्या चिपाडापासून पुठ्ठा करणारा कारखाना निघाल्यापासून ओढ्याला काळंभोर पाणी येत होतं, पण महाराजांच्या मते कारखाना निर्दोष होता. ओढ्यावर करणी झाली होती. त्यांनी काळ्या पाण्याची काचेची बरणी उंच धरली, डोळे गरागरा फिरवले, कमंडलूतलं तीर्थ आत ओतलं, आणि बघता बघता पाण्यात तपकिरी गुठळ्या धरल्या. त्या तळाला बसल्या आणि वर राहिलं कोऱ्या चहासारखं पाणी. लोकांनी धडाधड लोटांगणं घातली. डेअरीचे चेअरमन साहेबरावतात्या तर असे पुढं धावले की तीर्थाचे चार थेंब त्यांच्या धोतरावर उडाले. तेवढ्यानंच ते गहिवरले.

करणी कुणी केली, तेही महाराजांनी सांगून टाकलं. काठावर जिच्या म्हशी चरतात, ती बाई. काठावर म्हशी एकट्या फुलाबाईच्याच होत्या. करणी उतरेपर्यंत तिचं दूध डेअरीत घ्यायचं नाही, असं साहेबरावांनी जागच्या जागी जाहीर केलं.

तीन म्हशींवर फुलाबाईचं घर चालत होतं. ती रडणारच होती, पण तिची नजर बरणीवरून हलेना. असल्या गुठळ्या तिनं जन्मभर पाहिल्या होत्या, फक्त पांढऱ्या.

शेजारी अंजलीबाई उभ्या होत्या. हायस्कुलात त्या विज्ञान शिकवायच्या आणि संध्याकाळी फुलाबाईसारख्यांना अक्षरं.

"बाई," फुलाबाई हळूच म्हणाली, "ही करणी न्हाय. पाणी फाटलंय. दूध फाटतं तसं."

अंजलीबाईंना हसूच फुटलं. "मग तुम्हीही फाडा की."

फुलाबाईनं बांधावरची लिंबं पदर भरून आणली. दुसऱ्या बरणीत काळं पाणी घेतलं. मंत्र येत नव्हता, म्हणून म्हशीला चुचकारतात तसं चुचकारत ती लिंबामागून लिंबू पिळत राहिली. दहाव्या लिंबाला पाणी फाटलं. त्याच गुठळ्या, तोच कोरा चहा.

ही तर पक्की चेटकीण, असं महाराज ओरडणार, तोच मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबरावांच्या धोतराला चार भोकं पडली होती.

"तात्या, तुमच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीत असतं ना, तेच ॲसिड आहे हे तीर्थ," अंजलीबाई म्हणाल्या. साहेबराव धोतर सावरत खाली बसले ते उठेचनात. महाराजांना मात्र इंदापूरची एसटी आठवली आणि ते फळा तिथंच टाकून पळाले.

मग अंजलीबाईंनी नीट उलगडून सांगितलं. उसाचे धागे ज्यानं एकमेकांना धरून राहतात, त्याला लिग्निन म्हणतात. कॉस्टिक सोड्यात चिपाड शिजवलं की ते पाण्यात उतरतं आणि पाणी काळं होतं. आंबट पडलं की परत गोळा होतं. बारामतीत त्यांचे जुने सर त्याची केसाच्या हजाराव्या भागाएवढी बारीक कणी करत होते आणि ती राळेत कालवून, चिपाडाच्या भुशासंगं दाबून फळी बनवत होते. वर्गात दाखवायला आणलेला तसला एक तपकिरी तुकडा बाईंनी पिशवीतून काढला. साहेबरावांनी तो गुडघ्यावर मोडून पाहिला. गुडघा दुखला.

"फुलाबाई," ते गुडघा चोळत पुटपुटले, "सांजच्याला दूध घिऊन या."

"आणते, तात्या. पण फुडच्या बारीला लोटांगण मागनं घाला. आदी कमंडलूत काय हाय त्ये इचारा. आन वढा कुणी काळा केला, त्ये म्हशीला न्हाय, कारखान्याला इचारा."

एवढं बोलून ती फळ्याकडं गेली. एकेक अक्षर पुन्हा जुळवलं आणि पदरानं 'करणी'तला 'र' पुसून टाकला.

'येथे क णी काढून मिळेल'.

"आता खरं लिवलंय," ती म्हणाली.