कापलेले प्रश्न

कार्यक्रमाचं नाव होतं 'मोठे प्रश्न', आणि त्यात प्रश्न एकही नसायचा. दर रविवारी सकाळी दहा वाजता रेडिओवर कोणीतरी विद्वान तासभर बोलायचा. कधी तत्त्वज्ञ, कधी काळ या एकाच विषयावर केस पिकवलेला भौतिकशास्त्रज्ञ, कधी दोनशे वर्षांपूर्वीची प्रेमपत्रं वाचण्यात उमेदीची वर्षं घालवलेली साहित्याची अभ्यासक. ऐकणाऱ्याला वाटायचं, हा माणूस खुर्चीत बसला आणि कोणी न विचारता, कुठे न अडखळता एवढं सगळं बोलून उठला. तसं वाटावं म्हणून जी बाई अकरा वर्षं मर मर मरत होती, तिचं नाव शेवटी संगीताखाली दडपून घाईघाईत घेतलं जायचं. ऑफिसात तिला सगळे कात्रीबाई म्हणायचे, आणि आता तीही त्या नावाला ओ द्यायला शिकली होती.

समोर बसून प्रश्न तीच विचारायची. त्यासाठी तीन-तीन आठवडे पुस्तकं उपसायची, पाहुण्याचं सगळं लिखाण वाचायची, आणि सुरुवातीलाच त्याला सांगायची, "माझा प्रश्न तुमच्या उत्तरातच घेऊन बोला हं, कारण नंतर मी मला कापणार आहे." पाहुणे हसायचे. बोलणं संपलं की ती सगळ्यांना एक मिनिट हलू न देता बसवायची आणि त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करून घ्यायची. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. कुठे पंख्याची घरघर असते, कुठे भिंतीपलीकडच्या जिन्याची चाहूल. जिथून प्रश्न कापला तिथे ही शांतता चिकटवली की सांधा कोणाला कळत नाही. मग लोक त्या विद्वानाला पत्रं लिहायचे की तुम्हाला हे सुचतं तरी कसं. त्यातली निम्मी वाक्यं तिच्या प्रश्नाने त्याच्या तोंडात घातलेली असायची, पण ते सांगायची सोय नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तिने साहेबांना, म्हणजे कार्यक्रमाच्या प्रमुखांना, माझे प्रश्न ठेवूया का म्हणून दोनदा विचारून पाहिलं होतं. पहिल्यांदा ते म्हणाले, श्रोत्यांना विचार हवेत, गप्पा नकोत. दुसऱ्यांदा म्हणाले, "तुमचा आवाज चांगला आहे हो, पण कानात राहत नाही." त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, नुसती आतल्या आत चडफडत राहिली.

घरी ती आणि तिचे वडील, दोघंच. वडील शाळेत इतिहास शिकवायचे. सहा वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांची नजर पुरती गेली आणि आता दिवसभर सोबतीला एक मावशी येत, रविवार सोडून. वर्गातल्या पोरांनी प्रश्न विचारला की खडू खाली ठेवून ऐकणारा हा माणूस घरी मात्र लेकीने तोंड उघडलं की बोट वर करायचा. मोठ्यांच्या मध्ये बोलू नये. तिच्या लहानपणीची त्यांची सगळ्यात ठळक आठवण म्हणजे ते बोट. दर रविवारी ते खिडकीपाशी बसून कार्यक्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत आणि संपल्यावर रेडिओ बंद करून गप्प राहत.

त्या रविवारी मात्र बोलले. एका जुन्या शहरातल्या महामारीवर इतिहासकाराचं व्याख्यान नुकतंच संपलं होतं, आणि ती चहाचा कप घेऊन खोलीत येत होती.

"तो यादीचा प्रश्न छान विचारलास."

"कुठला यादीचा?"

"मेलेल्यांची यादी जो लिहीत होता, त्याचं स्वतःचं नाव त्या यादीत कितव्या पानावर आलं, हा. गडबडला बघ तो त्यावर. आधी म्हणाला चाळिसाव्या, मग म्हणाला आठवत नाही."

तिने कप खाली ठेवला. प्रश्न तिने शब्दन् शब्द असाच विचारला होता. इतिहासकार गडबडलाही होता, आणि म्हणूनच तिने प्रश्न आणि गडबड दोन्ही कापून तिथे अडीच सेकंदांची शांतता चिकटवली होती.

"मी नसते त्यात, बाबा. माझं सगळं काढून टाकलेलं असतं."

"असं कसं? मी तुलाच तर ऐकतो दर रविवारी," ते म्हणाले, जणू तीच वेड्यासारखं बोलत होती. "तुझे प्रश्न त्यांच्या उत्तरांपेक्षा बरे असतात."

आयुष्यात पहिल्यांदा बापाने पाठ थोपटली होती, आणि तीही जे केराच्या टोपलीत गेलं त्याबद्दल. स्वयंपाक करताना आपण प्रश्न मोठ्याने घोकत असू आणि तेच यांच्या कानावर पडलं असेल, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. मात्र पुढच्या पाहुण्याच्या वेळी तिने घरी एक शब्दही उच्चारला नाही, कागदावरही काही लिहिलं नाही, आणि रविवारी बाबांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

भौतिकशास्त्रज्ञ काळाबद्दल बोलत होता. सतराव्या मिनिटाला एक छोटीशी शांतता आली. तिला तिथे स्टुडिओच्या पंख्याखेरीज काही ऐकू आलं नाही. बाबांनी मान किंचित तिरकी केली, आणि खुदकन हसले.

"एवढ्या मोठ्या माणसाला असं म्हणतात का गं?"

त्या जागी शास्त्रज्ञ पाणी घ्यायला वाकला होता आणि ती ओठातल्या ओठात पुटपुटली होती, 'टिमकी वाजवून झाली असेल तर मुद्द्यावर या.' त्यालाही ते कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने तंत्रज्ञाला ती जागा पडद्यावर मोठी करून दाखवायला सांगितली. त्याने पाहिली, हेडफोन लावून ऐकली, आणि म्हणाला, "सपाट आहे, कात्रीबाई. इथे काही नाही."

भीती वाटली हे खरं, पण भीतीपेक्षा वैताग जास्त होता. तिला असं चोरवाटेने ऐकलं जायला नको होतं. राजरोस, सगळ्या जगाबरोबर, बाबांनी तिचा आवाज रेडिओवर ऐकावा आणि 'ही माझी लेक' म्हणावं, एवढीच तिची इच्छा होती. अकरा वर्षांत तिने दुसरं काही मागितलं नव्हतं.

ते अचानक जमून आलं. पंच्याऐंशी वर्षांच्या एक तत्त्वज्ञ बाई आल्या. माणूस लहानपणापासून म्हातारपणापर्यंत तोच राहतो तो कशाच्या बळावर, हा त्यांचा विषय. त्यांनी अट घातली की मी भिंतीशी बोलणार नाही. "या मुलीशी बोलेन, आणि हिचा शब्दही कापलेला चालणार नाही मला." साहेबांना नाही म्हणता येईना. मग तासभर दोघी बोलल्या. तिने विचारलं, "मला ओळखणारं कोणीच उरलं नाही, तर मी तीच आहे हे कशावरून?" बाई बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, हे मला ठाऊक नाही. तिने प्रश्न ठेवला, थांबणं ठेवलं, 'ठाऊक नाही'सुद्धा ठेवलं. कुठेही कात्री लावली नाही.

रविवारी अकरा वाजताच फोन खणखणू लागला. साहेबांनी स्वतः फोन केला आणि स्वतःचे शब्द गिळत म्हणाले, "कानात राहिलात हो." तिने फोन बाजूला ठेवला आणि बाबांच्या खोलीत गेली. ते रेडिओ बंद करून कपाळाला आठ्या घालून बसले होते.

"आज तू नव्हतीस," ते म्हणाले. "बाई चांगलं बोलल्या. पण मध्ये मध्ये नुसतं रिकामं. मशीन बिघडलं होतं का?"

"बाबा! तासभर मीच तर बोलत होते!"

ते वाट पाहत राहिले. चेहरा दाराकडे, तिच्याकडे वळलेला.

"आहेस ना तिथे? पावलं तर वाजली."

"आहे. इथेच आहे, बाबा."

"रागावलीस का? बोलत का नाहीस?"

ती पुढे झाली आणि तिने त्यांचा हात घट्ट धरला. त्यांनी तो चाचपला, बोटं ओळखली. "हात तुझाच आहे," ते कळवळून म्हणाले, "मग बोल की काहीतरी." ती बोलली. आधी हळू, मग मोठ्याने, मग इतकी ओरडली की समोरच्या घराची खिडकी उघडली. ते तसेच हात धरून वाट पाहत राहिले.

कानांच्या डॉक्टरने सगळ्या तपासण्या केल्या. बाबांना टाचणी पडलेली ऐकू येत होती, डॉक्टर ऐकू येत होते, मावशी ऐकू येत होत्या. 'वयोमानाने होतं' असं म्हणून डॉक्टरने हात झटकले. वयाला एका लेकीचाच आवाज कसा नेमका सापडतो, हे त्याने सांगितलं नाही. घरी मावशींना बापलेकीत दुभाष्याचं काम लागलं. "ताई विचारतायत, औषध घेतलं का?" "तिला सांगा, तिने विचारलं तर घेईन." मावशी बिचाऱ्या वैतागून म्हणायच्या, "अहो ताई, तुम्ही दोघं आधी भांडण मिटवा बरं." भांडण असतं तर मिटवलं असतं. आपल्याच घरात, आपल्याच बापाला, 'मी इथे आहे' एवढं सांगता येऊ नये, याने तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि आग पाखडायची तर ती तरी कोणाला ऐकू जाणार होती!

तिकडे ऑफिसात तिचे दिवस पालटले होते. श्रोत्यांची पत्रं आता तिच्या नावाने येत. साहेबांनी फर्मान काढलं की यापुढे प्रत्येक भाग संवादाचाच. तिने हट्टाने एक भाग जुन्या पद्धतीने केला, स्वतःला पुरतं कापून.

"लोकांना तुम्ही हव्या आहात," साहेब चिडले, "आणि तुम्ही स्वतःलाच उडवताय? आधी कटकट होती मला ठेवा म्हणून!"

तो भाग लागला त्या रविवारी ती बाबांच्या पायाशी बसून होती. तिसऱ्या मिनिटाला पहिली शांतता आली, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की तिला बघवेना. "आलीस का गं," ते रेडिओला म्हणाले. "किती दिवसांनी!" संपेपर्यंत ते प्रत्येक शांततेला मान डोलावत राहिले. संपल्यावर त्यांनी पुन्हा खोलीभर कान लावला. ती शेजारीच होती, बोलतही होती, पण त्यांना काही मिळालं नाही.

मग तिने ऑफिसातलं छोटं रेकॉर्डिंग यंत्र घरी आणलं. विचार करत बसली असती तर केलंच नसतं. पुढच्या रविवारी दुपारी, मावशी नसताना, तिने स्वयंपाकघराचं दार लावलं आणि यंत्रात बोलली, "बाबा, जेवायला चला. मी इथेच आहे." पाच सेकंद. मग त्याच स्वयंपाकघराची शांतता घेतली, आपली दोन्ही वाक्यं सफाईने कापली आणि त्यांच्या जागी ती पाच सेकंदांची शांतता चिकटवली. दोनदा ऐकून पाहिलं. काही नव्हतं. ताटं वाढून ती बाहेर आली, यंत्र बाबांच्या खुर्चीच्या हातावर ठेवलं आणि बटण दाबलं.

बाबांनी मान तिरकी केली. हसले. "हो, चल," म्हणाले, आणि उठायला म्हणून खुर्चीचे हात धरले.

यंत्र थांबलं. त्याचा छोटा लाल दिवा विझला.

बाबा उठले नाहीत. अर्धवट उठलेले पुन्हा हळूच टेकले, यंत्राच्या बाजूला आणखी झुकले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. तिला वाटलं त्यांना अजून ऐकायचं आहे, पुन्हा लावावं. पण ते मान हलवत होते, समोरचं माणूस बोलत असताना आपण हलवतो तशी.

"हो," ते बारीक आवाजात म्हणाले. थोड्या वेळाने, "नाही गं, ते मला माहीत नव्हतं." आणि मग बराच वेळ काही नाही, नुसतं ऐकणं. त्यांच्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ते पुसायचंही भान त्यांना नव्हतं. "चुकलंच माझं ते. बोल तू. सगळं बोल आज."

तिने दोन वाक्यांपलीकडे काही म्हटलं नव्हतं. बाकीचं तर तिने कधीच, कुठेच म्हटलं नव्हतं. आत ताटातलं अन्न निवत होतं. तिने यंत्र उचलून पाहिलं, बंदच होतं. ते तिने लांब टेबलावर नेऊन ठेवलं, तरी बाबांचा कान मघाच्याच रिकाम्या जागेकडे होता. तिला राहवेना. ती वाकली, "बाबा" म्हणाली, आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

त्यांनी दचकून हात काढून घेतला.

"कोण आहे?" ते दबक्या आवाजात म्हणाले आणि त्यांनी एक बोट वर केलं. "जरा थांबा हो. माझी लेक बोलतेय."