कोराडीत पक्ष निघाला

रविवारी दुपारी विहाराच्या हॉलमध्ये कामगार युनियनची बैठक होती, आणि सकाळपासून भावनाला काही सुचत नव्हतं. कणीक सैल झाली, दूध उतू गेलं. नवरा, रजत, पलंगावर बसून बघत होता. दोघंही वीज केंद्रात कंत्राटी कामगार. ती राखेच्या विभागात साफसफाईला, तो कोळसा उतरवायला.

"माह्या गेटपासची मुदत याच हप्त्यात संपते," तो शेवटी म्हणाला. "तू काहून जाऊन राहिली वं?"

मागे बसून नुसतं ऐकून येईन, असं सांगून ती निघाली. बैठकीला जाणाऱ्यांचे पास पुढे वाढवणार नाहीत, म्हणजे कामच बंद, असं ठेकेदाराच्या माणसांनी वस्तीभर पसरवलं होतं. खरं-खोटं कोणालाच माहीत नव्हतं.

युनियन जुनी होती. म्हाताऱ्या गोपाळरावांनी ती उभी केली, साप्ताहिक सुट्टी मिळवली, पीएफ सुरू करायला लावला. पण दर निवडणुकीत कोणीतरी पुढारी यायचा, सगळ्यांना नोकरीत कायम करतो म्हणायचा, आणि निवडून आला की ओळख दाखवायचा नाही. म्हणून तरुण प्रेमानंदने कामगारांच्या स्वतःच्या पक्षाचा विषय काढला. गोपाळरावांना तो पटला नव्हता. युनियनमध्ये सगळ्या पक्षांची माणसं आहेत, आपला झेंडा वेगळा केला तर निम्मी जातील, हे ते महिनाभर सांगत होते.

हॉल भरला होता, पण कोणी नीट बूड टेकवून बसलं नव्हतं. दाराबाहेर सुपरवायझरचा एक माणूस मोबाईल धरून उभा होता. आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येकाचा आणि दारातून दिसणाऱ्या आतल्यांचाही फोटो काढत होता. प्रेमानंदने पक्ष काढायचा ठराव वाचला आणि विचारलं, कोण मांडतं? कोणी हललं नाही. मागच्या रांगेतले दोघं तोंडाला रुमाल बांधून निघून गेले, मग आणखी चौघं. आपणही उठावं असं भावनाला वाटत होतं, पण उठलं तर फोटो निघणार आणि बसलं तरी निघणार.

तेवढ्यात गोपाळराव उठले. सगळ्यांना वाटलं, आता हेही जातात. ते दारापर्यंत गेले आणि बाहेरच्या माणसाकडे पाठ करून, दोन्ही हात चौकटीला लावून उभे राहिले.

"मी तं विरोधातच हात वर करीन गा, प्रेमानंद," ते म्हणाले. "पण निकाल आपून लावू. मोबाईलवाल्याले नाही लावू द्यायचा."

भावना कधी उभी राहिली ते तिचं तिलाच कळलं नाही.

"ठराव मी मांडतो," ती म्हणाली, आणि खाली बसली.

ठराव मंजूर झाला. विरोधात थोडे हात वर आले, त्यात दारातून उचललेला गोपाळरावांचा एक होता. त्या दुपारी पक्ष निघाला.

रजतचा पास वाढला नाही. पक्षाने गेटवर धरणं धरलं, ठेकेदाराने दाद दिली नाही. दोन दिवस रजत भावनाशी बोलला नाही. मग भिवापूरला मिरचीच्या गोदामात काम मिळालं आणि तो तिकडेच राहू लागला. निघताना एवढंच म्हणाला, "मांडला तं मांडला. आता अर्ध्यात सोडू नको."

गावच्या निवडणुकीत पक्षाने पाच जणांना उभं केलं, त्यात भावनाही होती. एक निवडून आला. भावना पडली, पण तिला वाटलं होतं त्याच्या कितीतरी पट मतं मिळाली. गोपाळराव पक्षात आले नाहीत. मात्र प्रचारात एका संध्याकाळी तिच्यासोबत वस्तीत फिरले आणि वाटभर पक्षाला नावं ठेवत राहिले.

आता तिच्या स्वतःच्या पासची मुदत संपत आली आहे. गेटवर पासचं कार्ड मशीनला लावताना हिरवा दिवा लागेपर्यंत ती श्वास रोखून धरते. दिवा लागतो. ती आत जाते आणि जेवणाच्या सुट्टीत पक्षाची सभा कुठे आहे ते बायकांना सांगते.