पुरातल्या मुलांची वही

मित्रांनो, माझ्या पुठ्ठ्यावरची अक्षरे आता पुसट झाली आहेत. उजेडात तिरके धरले तर मात्र वाचता येतात: 'पूरग्रस्त मदत छावणी – एकट्या सापडलेल्या मुलांची नोंद'. मी एक जुनी सरकारी नोंदवही आहे. बऱ्याच माणसांनी मला सांभाळले, म्हणून आज तुमच्याशी बोलते आहे.

नदीला मोठा पूर आला, त्या वर्षी एका शाळेत छावणी उघडली. बाके भिंतीशी रचून वर्गांत सतरंज्या अंथरल्या होत्या. पहिल्या वर्गाच्या दारात टेबल मांडले आणि त्यावर मला ठेवले. माझ्यात लिहायला बसलेल्या कारकुनांचे अक्षर इतके देखणे होते, की कचेरीत सगळे त्यांना 'मोतीदाणे' म्हणत.

मूल आले, की मोतीदाणे खुर्ची सोडून त्याच्यासमोर उकिडवे बसत. नाव, अंदाजे वय, कुठे सापडले, कुठे पाठवले, एवढे लिहिले की काम संपत होते. पण शेवटचा रकाना शेऱ्याचा होता आणि तिथे ते मन लावून लिहीत. एक मुलगा सारखा आपल्या बकरीची चौकशी करतो. एकीला शीळ घालता येते. एकदा साहेबांनी मला चाळले आणि शेऱ्यात कादंबरी लिहिताय की काय, असे विचारले.

मोतीदाणे म्हणाले, "साहेब, लहान मुलं आहेत. नाव चुकीचं सांगितलं, तर घरच्यांनी ओळखायचं कशावरून?"

साहेबांनी खाली सही केली आणि पान उलटले.

एके सकाळी दोन बहिणी आल्या. मोठी सात वर्षांची, धाकटी जेमतेम दोनची. त्यांच्या घरचे कोणीच सापडले नाही. पंधरा दिवसांनी धाकटीला दूरच्या शहरातल्या एका जोडप्याने दत्तक घेतले. दोघींना सांभाळणे त्यांना झेपणारे नव्हते. मोठी बालगृहात गेली. मोतीदाण्यांनी दोघींच्या ओळींत एकमेकींचा क्रमांक लिहिला. शेऱ्यात त्यांनी लिहिले: 'मोठी धाकटीला मनी म्हणते. दुसऱ्या नावाने हाक मारली तर धाकटी ओ देत नाही. वेगळे करताना मोठी रडली नाही, पत्ता विचारत राहिली.' ते लिहिताना त्यांचा टाक दोनदा थांबला. तिथे शाईचे दोन ठिपके अजून आहेत.

छावणी उठली आणि माझी रवानगी दप्तरखान्यात झाली. माझ्यावर फाइली आल्या, फाइलींवर धूळ आली. मग छतातली पाण्याची नळी गळू लागली. माझी पाने भिजली, वाळली, एकमेकांना चिकटली. बुरशी आली, कोपऱ्यांना कसर लागली. एकदा साफसफाई निघाली, तेव्हा कोणीतरी माझ्यावर खडूने फुली मारली. फुली म्हणजे रद्दी.

त्याच सुमारास दप्तरखान्यात नव्या अभिलेखपाल बाई आल्या. फुलीच्या ढिगातले प्रत्येक बाड त्या उघडून बघत. माझे एकच पान उघडले. ते त्यांनी उभ्याउभ्याच वाचले, मग बसून पुन्हा वाचले. मला वाचवण्यासाठी त्यांनी तीन पत्रे लिहिली. उत्तर येईना, तेव्हा मला पंच्यात गुंडाळून त्या थेट साहेबांकडे गेल्या. हे नवे साहेब म्हणाले, की इतक्या वर्षांत ही वही कोणी मागितल्याचे त्यांच्या ऐकिवात नाही.

"मागायला लोकांना माहीत तरी हवं ना साहेब, की ती आपल्याकडे आहे," बाई म्हणाल्या.

मग मी कागद दुरुस्त करणाऱ्या एका आजींच्या हाती गेले. पातळ पट्टी पानांमध्ये सरकवून त्या दिवसाला चारच पाने सोडवत. फाटलेल्या जागी तलम कागद खळीने चिकटवत आणि "दमानं गं बाई, घाई नाही," असे म्हणत. ते मला म्हणत की स्वतःला, कोण जाणे. पुढे प्रत्येक पानाचे छायाचित्र निघाले. कचेरीबाहेर पाटी लागली, की जुन्या नोंदी आता कोणालाही विचारून बघता येतील.

एक दिवस साठीला टेकलेली एक बाई आपल्या लेकीबरोबर आली. तिच्या आईने शेवटच्या आजारात तिला सांगितले होते, की तुला छावणीतून आणले. त्यापलीकडे तिला फक्त पुराचे साल ठाऊक होते. अभिलेखपाल बाईंनी दत्तक गेलेल्या मुलींच्या नोंदी एकेक करून काढल्या. आलेल्या बाईचा चष्मा डोळ्यांतल्या पाण्याने ओला झाला होता, म्हणून लेकच वाचत होती. 'मनी' या शब्दाशी ती थांबली.

"घरी सगळे मला मनीच म्हणायचे," बाई हळूच म्हणाली. "मला वाटायचं, मांजरासारखी दुधाच्या मागे असायची म्हणून."

मोठ्या बहिणीचा क्रमांक शेजारीच होता. अभिलेखपाल बाईंनी जुने अर्ज धुंडाळले. वीस वर्षांपूर्वी त्याच क्रमांकाची नोंद बघू द्या, असा एक अर्ज आला होता. त्यावर शिक्का होता: 'जनतेसाठी खुले नाही'. खाली मोठ्या बहिणीची सही होती आणि पत्ता होता. बाईंनी त्या पत्त्यावर पत्र टाकले. घर बदललेले होते, पण शेजाऱ्यांना विचारून पोस्टमनने ते पोचवले.

बाराव्या दिवशी मोठी बहीण काठी टेकत जिना चढून आली. धाकटी माझ्याजवळ उभी होती. दोघी जागच्या हलल्या नाहीत. मग मोठीने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले.

"किती उंच झालीस गं," ती म्हणाली.

मित्रांनो, त्या दिवशी मला मोतीदाण्यांची आठवण आली. ते केव्हाच वारले. ज्यांनी मला लिहिले, वाचवले, सांधले आणि लोकांसमोर उघडले, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. तुम्ही कधी दप्तरखान्यात आलात, तर हात धुऊन या. पान सावकाश उलटा, कोपरा दुमडू नका. आणि विचारायला लाजू नका, या नोंदी तुमच्याच आहेत.

माझ्यात शहाण्णव मुले आहेत. आजवर एकतीस जणांची चौकशी झाली. उरलेली पासष्ट मी जपून ठेवली आहेत.