पीनटचा जुना पत्ता

मित्रांनो, मी एक जुनी यादी आहे. वाण्याची नाही की धोब्याची नाही, संगणकांच्या नावांची. कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोजवळच्या एका विद्यापीठाच्या तळघरात, लोखंडी कपाटाच्या खालच्या फळीवर मी चुंबकीय फितीत गुंडाळून पडले आहे. मला वाचू शकणारं यंत्र केव्हाच भंगारात गेलं. त्यामुळे इतकी वर्षं माझं तोंड बंदच आहे.

माझ्या काळी संगणक कपाटाएवढे असत आणि सगळ्या देशात मिळून थोडेच होते. लांबच लांब तारांनी त्यांना एकमेकांशी जोडलं होतं. संगणकाला फक्त आकडा कळतो आणि माणसाच्या लक्षात नाव राहतं, म्हणून प्रत्येक संगणकाला एक नाव दिलेलं असे. नाव सांगितलं की त्याचा आकडा, म्हणजे त्याचा पत्ता सांगायचा, हे माझं काम. आधी जो तो आपली वेगळी यादी ठेवी. एकाच संगणकाला इथे एक नाव, तिथे दुसरं, असा सगळा सावळागोंधळ होता. मग मेन्लो पार्क गावातल्या एका कचेरीने एकच खरी यादी ठेवावी असं ठरलं. नवा संगणक आला किंवा जुन्याचा पत्ता बदलला, की त्या कचेरीला कळवायचं. तिथल्या बाई नोंद करत आणि ठिकठिकाणचे लोक त्या यादीची नक्कल तारेवरून उतरवून घेत. मी त्यातलीच एक नक्कल. मेन्लो पार्कला सांगितलं म्हणजे जगाला सांगितलं, अशी तेव्हाची रीत होती. पत्ता बदलल्याचं कोणी कोणाला वेगळं कळवत बसत नसे.

आमच्या तळघरात हे काम मर्ल कोवाल्के करत असे. उंच, वाकलेला, तोंडात सदा पेपरमिंट. दर सोमवारी तो नवी नक्कल आणी आणि जुनी पुसून टाकी. मग तळाशी आपल्या पदरच्या चार ओळी घाली. त्या सरकारी नव्हत्या, निव्वळ त्याची थट्टा होती. बॉस्टनच्या सुस्त संगणकाला त्याने ‘गोगलगाय’ नाव ठेवलं होतं. सारखा बंद पडणारा एक होता, त्याचं नाव ‘दुखणाईत’. युटामधल्या एका संगणकाला मात्र तो ‘पीनट’ म्हणे. पीनट म्हणजे शेंगदाणा. ते त्याच्या मुलीचं, जनेलचं, लाडाचं नाव. ती त्या संगणकावर काम करत होती. नवी नक्कल आली की या ओळी पुसल्या जात आणि मर्ल दर सोमवारी त्या पुन्हा लिही. त्याची बायको आर्डिथ त्याच खोलीत काम करायची. ती म्हणे, “रिकामटेकडा आहेस.” तो म्हणे, “लेकीचं नाव घ्यायला मला कारण लागतं होय?”

एका सोमवारी त्याने मला असंच सजवलं आणि त्याच आठवड्यात तो गेला. दुखणं नाही, खुपणं नाही. बागेत पाण्याचा पाइप ओढता ओढता खाली बसला, तो उठलाच नाही.

जनेलला यायला उशीर झाला. वाटेत बर्फ पडून रस्ता बंद होता, ती पोचली तेव्हा दफन उरकलं होतं. चर्चच्या मागच्या दालनात शेजारणींनी आणलेलं हॅम आणि बटाट्याचं जेवण मांडलं होतं. प्रवासाने भुकेलेल्या जनेलने हातात ताटली घेतली आणि आर्डिथ सगळ्यांदेखत बोलून गेली, “बापाला भेटायला वेळेवर आली नाहीस, जेवायला बरी वेळेवर पोचलीस.” जनेलने ताटली खाली ठेवली आणि तशीच गाडीत बसून निघून गेली. आर्डिथने हे पुढे एकदा ड्वेनला सांगितलं, म्हणून मला ठाऊक. ड्वेन हा मर्लच्या जागी आलेला माणूस, कामाला चोख आणि बोलायला फटकळ.

पहिल्याच सोमवारी तो नवी नक्कल आणायला निघाला, तर आर्डिथने त्याला अडवलं. मर्लच्या ओळी पुसल्या जातील, म्हणाली. ड्वेनला हसू आलं.

“अहो आर्डिथ, मग पुन्हा टाइप करा की. दोन मिनिटांचं काम आहे. अक्षरं तीच असतात.”

“अक्षरं तीच असतील रे,” ती म्हणाली, “पण मग ती मी लिहिलेली असतील.”

ड्वेन आपल्या टेबलाशी परत गेला. त्यानंतर मला कोणी हात लावला नाही. मेन्लो पार्कची यादी आठवड्याआठवड्याला बदलत राहिली आणि मी आहे तशीच राहिले. खरं सांगते, सुरुवातीला मला बरं वाटलं. कोणाला नको असतं जपलं जाणं?

आई आणि मुलगी फोनवर बोलायला गेल्या की दोघींचा आवाज चढे, म्हणून त्यांनी फोन सोडला होता. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आर्डिथ एका दुपारी माझ्या खोलीत येऊन बसली. तारेवरून धाडायचं पत्र तिने संगणकावर लिहायला घेतलं. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. डोळे पुसायला चष्मा काढला तो परत घालायचं विसरली आणि पडद्याला नाक लावून लिहीत राहिली. शेवटी पत्त्याच्या जागी तिने मर्लचं नाव वापरलं, पीनट. मला विचारणा आली. मी मला माहीत होता तो आकडा सांगितला. पत्र गेलं, पोचल्याची खूण आली.

उत्तर आलं नाही. तिने दुसरं पत्र लिहिलं, जरा लहान. मग तिसरं, त्याहून लहान. प्रत्येक वेळी पोचल्याची खूण आली. “नको असेल तिला,” आर्डिथ ड्वेनला म्हणाली, “माझीच जीभ आहे ती. भोगते.”

पानगळीच्या दिवसांत तिने चौथं लिहिलं, ते मात्र परत आलं. त्या पत्त्यावर कोणीच नाही, असं उत्तर होतं. ड्वेनने दुसऱ्या विद्यापीठातली ताजी यादी पाहिली आणि डोक्याला हात लावला. युटावाल्यांनी वसंतातच नवा संगणक घेतला होता. पत्ता बदलला होता. रीतीप्रमाणे त्यांनी मेन्लो पार्कला कळवलं होतं आणि सगळ्या जगाला ते कळलं होतं. कळलं नव्हतं फक्त मला. जुना संगणक तिकडे एका कोपऱ्यात चालू राहिला होता आणि आर्डिथची पत्रं मुकाट्याने पोटात घेत होता. आता तो बंद करून मोडीत काढला होता.

आर्डिथने तिथूनच मुलीला फोन लावला.

“जनेल, तुला माझी पत्रं मिळाली नाहीत ना?”

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही.

“नाही गं, बोलणं कशाला टाकीन? मी लिहिलं होतं. तीनदा लिहिलं होतं.”

मग बराच वेळ ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “काय लिहिलं होतं ते असं फोनवर नाही सांगता यायचं. पुन्हा लिहिते.”

पुन्हा लिहायला ती बसली. पहिल्या पत्राची प्रत तिने ठेवली नव्हती. दोन ओळी लिहून ती थांबे, मान हलवी, पुसून टाकी. ड्वेन दारात उभा होता. अक्षरं तीच असतात, असं तो या वेळी म्हणाला नाही. अखेरीस तिने पाठवलं ते फारच साधं पत्र. जनेल पुढे नाताळला आली, नीट वागली, भांडी घासून गेली. पण पहिल्या पत्रात जे होतं ते तिला कधीच मिळालं नाही आणि आर्डिथलाही ते पुन्हा सापडलं नाही.

ते साधं पत्र गेलं त्याच आठवड्यात आर्डिथने मला या फितीवर उतरवलं, वर ‘मर्ल’ अशी चिठ्ठी चिकटवली आणि स्वतःच्या हाताने नवी नक्कल आणली. तळाशी तिने एकच ओळ घातली. पीनट, नव्या पत्त्यासह.

पुढे ती यादीही गेली. संगणक इतके वाढले की एका कचेरीला ते पेलेनात. मग नवी व्यवस्था आली. ज्याची नावं त्याने सांभाळायची आणि पत्ता हवा असेल तेव्हा त्यालाच विचारायचा. आर्डिथ निवृत्त झाली, ड्वेन दुसरीकडे गेला. चिठ्ठीचा डिंक वाळून ती फळीवर गळून पडली. आता या फितीवर कोणाचं नाव नाही.

मित्रांनो, आपल्या माणसांच्या वस्तू जपा, मी नको म्हणणार नाही. पण जिवंत माणसांचा पत्ता मात्र अधूनमधून त्यांनाच विचारत जा. मला आजही कोणी विचारलं तर मी एकही नाव चुकणार नाही. गोगलगाय कुठे, दुखणाईत कुठे, पीनट कुठे, सगळं घडाघडा सांगेन. तिथे आता कोणीच राहत नाही.