तात्याराव सरळ बोलले तो रविवार

मी लाल रंगाचा, बटणांचा एक जुना टेलिफोन आहे. आता मला तार नाही आणि आवाजही नाही. सुखदेवकाकांच्या माळ्यावर एका खोक्यात मी पडून असतो. पण मित्रांनो, एके काळी बोपोडीतल्या त्या दोन खोल्यांमध्ये माझा काय रुबाब होता! तात्यारावांच्या पत्नी जयाबाईंनी माझ्यासाठी दोऱ्याचा रुमाल विणला होता. अर्धी गल्ली माझा नंबर शेजारचा नंबर म्हणून वाटत फिरायची.

माझे मालक तात्याराव खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. नंबर लावल्यावर आठ वर्षांनी, १९९३ साली, मी त्यांच्याकडे आलो. मला बसवणाऱ्या लाइनमनला तात्याराव म्हणाले, "आलात? एवढी घाई कशाला केलीत? आत्ता कुठे आठ वर्षं झालीत." लाइनमन खो खो हसला आणि दोन कप चहा पिऊन गेला. मला मात्र फार वाईट वाटलं. मी खरंच लवकर आलो की काय, असं मला वाटलं. नवा होतो ना!

हळूहळू मला त्यांचं बोलणं समजू लागलं. तात्याराव मनात असेल त्याच्या बरोब्बर उलटं बोलत. टोमणा मारायचा असला की शब्द सावकाश, सुटे सुटे येत, चेहरा कोरा राही आणि डावी भुवई एवढीशी वर जाई. ती भुवई दिसली की समोरचा हसायला लागायचा. त्यांच्या मुलाला, बुद्धभूषणला, बारावीला ब्याऐंशी टक्के पडले. तात्यारावांनी विचारलं, "बाकीचे अठरा कुठे सांडून आलास?" आणि लगेच चपला घालून गेले ते तीन किलो पेढे घेऊन आले. कौतुक त्यांच्या तोंडून सरळ कधी निघालंच नाही. खोड म्हणा, लाज म्हणा.

१९९८ साली भूषण अमेरिकेला गेला. दोन हजार साल उजाडलं की जगातले संगणक बिघडतील, अशी हाकाटी होती आणि ते निस्तरायला पुण्यातली पुष्कळ पोरं विमानात बसली. दर रविवारी सकाळी नऊला तो फोन करी. पहिल्याच रविवारी तात्याराव म्हणाले, "साहेबांना वेळ मिळाला वाटतं!" पलीकडे भूषण एकदम गप्प झाला. माझ्यातून आवाज जातो, मित्रांनो, भुवई जात नाही. जयाबाईंच्या ते तत्काळ लक्षात आलं. त्या रिसीव्हरजवळ वाकून ओरडल्या, "हसतायत हं ते!" तशी पलीकडून हसू आलं. पुढची पाच वर्षं प्रत्येक टोमण्यामागे जयाबाईंचं ते वाक्य जात राहिलं. बापलेकांचं सगळं सुरळीत चाललं होतं ते त्यांच्यामुळे.

२००३ साली जयाबाई गेल्या. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून भूषण परत गेला. तात्याराव आता घरात एकटेच होते.

रविवारचे फोन चालू राहिले. "आज आठवण झाली? कंपनीचं दिवाळं निघालं की काय?" तात्याराव विचारत.

"कामात होतो, बाबा," भूषण म्हणे. बस, एवढंच.

तात्याराव इकडे हसत असत. मला दिसत होतं, भूषणला कसं दिसणार? मला ओरडून सांगावंसं वाटे, पण मला स्वतःचा आवाज कुठला? मी दुसऱ्यांचे आवाज वाहणारा हमाल. फोन पंधरा दिवसांवर गेला, मग महिन्यावर गेला.

२००६ च्या थंडीत तात्यारावांना जिना चढताना दम लागू लागला. डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन सांगितलं. कारखान्यातले त्यांचे जुने सोबती सुखदेवकाका म्हणाले, "पोराला बोलावून घे, तात्या. सरळ सांग." तात्यारावांनी मान डोलावली. त्यानंतर चार दिवस ते माझ्यासमोर बसत आणि रिसीव्हर न उचलताच म्हणत, "भूषण, मला भीती वाटते. तू ये." म्हणून झालं की कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून दाराकडे बघत. इतका घाबरलेला माणूस मी त्या घरात पाहिला नव्हता.

रविवारी फोन आला.

"जय भीम, बाबा."

"जय भीम. भूषण... मला तुझी फार आठवण येते. मला भीती वाटते रे. जमलं तर ये."

सरळ बोलायची सवय नव्हती. त्यामुळे एकेक शब्द सावकाश, सुटा सुटा आला. अगदी टोमण्यासारखा.

"बाबा, बास ना आता!" भूषण म्हणाला. "सुट्टी मिळत नाही म्हणून किती दिवस ऐकवणार आहात? मलाही त्रास होतो."

ऑपरेशनचं तात्यारावांच्या अगदी ओठांवर आलं होतं, मी शपथेवर सांगतो. मग ते म्हणाले, "अरे, गंमत केली."

भूषणला हायसं वाटलं. तो हसला, तब्येतीला जपा म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. तात्याराव किती तरी वेळ रिसीव्हर हातात धरून बसले होते. माझा जीव नुसता तुटत होता.

ऑपरेशनला सुखदेवकाका त्यांच्याबरोबर गेले. परत आले ते एकटेच.

भूषण आला. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. काकांनी विचारलं, "अरे, तात्यानं तुला बोलावलं नव्हतं का?"

"बोलावलं होतं, काका," तो म्हणाला. "मला टोमणा वाटला."

घर रिकामं करताना काकांनी मला इथे आणलं.

मित्रांनो, थट्टा करू नका असं मी म्हणणार नाही. तात्यारावांच्या थट्टेत माया होती, ती मी स्वतः वाहिली आहे. पण नेहमी उलटं बोलणाऱ्यालाही कधी तरी सरळ बोलायचं असतं आणि ते त्याला फार जड जातं. म्हणून आपल्या माणसाच्या बोलण्याचा राग आला, तरी फोन ठेवण्याआधी एकदा विचारा, "खरंच?" भूषणनं एवढा एक शब्द विचारला असता, तर तात्याराव "हो" म्हणाले असते.